देवळाच्या दारात बूट

हसणार नसाल तर सांगते. माझ्या दिराने चिखलीच्या घरी नवं गेमचं मशीन आणलं. माझी गौरी मागे लागली, "आई, हा गेम फक्त ह्याच मशीनवर चालते. आपणही घेऊ नं."

पोरगी बिघडेल या धास्तीने मी म्हटलं, आधी मी खेळून पाहते.

खेळातला शिपाई थेट देवळात निघाला. मी त्याला दारातच थांबवलं. "भाऊजी, बूट काढायचं बटण कोणतं?"

"तसं बटण नसते वहिनी. अंदर राक्षस आहे."

"असू द्या. देऊळ तर देवाचंच आहे नं?"

मी एकेक बटण दाबून पाहिलं. शिपाई नुसत्या उड्या मारत राहिला.

गौरी कंटाळली. "आई, मंग मशीन घ्यायचं का नाही?"

"थांब. मले राक्षस तर पाहू दे," मी म्हणाले आणि बूट घालूनच आत शिरले.