आधीचं साल

—नाही गं, ऐकू येतं मला, कान अजून शाबूत आहेत, फक्त तो प्रश्न जरा पुन्हा विचार. 'सरांचा सिद्धांत तुमच्यापर्यंत पहिल्यांदा कसा पोहोचला' — असंच म्हणालीस ना? सरांचा सिद्धांत. माझ्यापर्यंत. पोहोचला. — अगं, हसत नाहीये, ठसका लागला. चहा घे तू, निवतोय. तर तुझे सर निवृत्त होतायत, त्यांच्यासाठी गौरवग्रंथ निघतोय, आणि त्यात तू लिहितेयस ते प्रकरण, 'सरांच्या वाटेवरचे प्रवासी' — आणि त्या प्रवाशांत मी. बरं. कोणी बसवलं मला त्या गाडीत? संदर्भसूचीवरून? बघू. वळव तो लॅपटॉप इकडे. चष्मा कुठं गेला — हा काय, डोक्यावरच आहे.

हं. सालाप्रमाणे लावलीयस, छान. हे तुझे सर — सत्त्याण्णव. मग हे दोघंतिघं. आणि ही मी, पार तळाला — दोन हजार बारा. 'पत्ता सांगताना', माझंच पुस्तक. म्हणजे सत्त्याण्णव साली तुझ्या सरांनी जगाला सांगितलं, की माणसं रस्ता सांगताना गेलेल्या खुणांवरून सांगतात — जुन्या टपाल कचेरीपाशी वळा म्हणतात, आणि टपाल कचेरी पाडून जमाना झालेला, तिथं चपलांचं दुकान, सांगणारा स्वतः चपला तिथूनच घेतो, पण वळायचं मात्र टपाल कचेरीपाशीच — हे त्यांनी सांगितलं, आणि मग पंधरा वर्षांनी मी जागी झाले, त्यांचं वाचलं, आणि तेच एका पातळ पुस्तकात गिरवलं. असंच दिसतंय ना? दिसतंयच तसं. तुझा प्रश्न चुकीचा नाही. ही यादी बघून मीसुद्धा हाच विचारला असता.

आता घाबरू नकोस, तुझी चूक नाही, ही यंत्राची खोड आहे. तू काय केलंस सांगू? पुस्तकाच्या मागच्या अंगाला तो लांबलचक नंबर असतो ना, आयएसबीएन, तो टाकलास, आणि बाकीचं सगळं यंत्रानं आपणहून आणून दिलं — नाव, प्रकाशक, साल. आता नंबर तो पुनर्मुद्रणाचा. मूळ पुस्तक चौऱ्याऐंशीचं. त्याला कुठला नंबर? ते छापलं एका छापखान्यात, तिथं एरवी पावतीपुस्तकं आणि नाटकाची तिकिटं छापायचे, मालक म्हणाला, बाई, पहिल्यांदाच पाठपोट छापतोय, जमेल तसं करतो. यंत्राला नंबर नसलेली वस्तू दिसत नाही, म्हणून त्याच्या लेखी मी जन्मलेच बारा साली. — काय बघतेस, म्हातारीला हे कसं येतं? अगं, हे संदर्भसूचीचं सॉफ्टवेअर विभागात पहिल्यांदा शिकवलं तेव्हा निवृत्त होऊनही मी पुढच्या बाकावर बसले होते. कार्डं लिहून लिहून बोटं वाकडी झालेल्या बाईला ते सुखच वाटणार की. तर बघ — साल आहे तिथं बारा राहू दे, तुझ्या हातातली प्रत बाराचीच आहे, खोटं नाही. खाली जा. अजून खाली. तो 'जादा' नावाचा रकाना असतो, तिथं एक ओळ लिहायची, मूळ साल अमुक अमुक. मग यंत्र दोन्ही सालं छापतं, आधी चौऱ्याऐंशी, मग तिरकी रेघ, मग बारा. — अरे वा, पटकन सापडला तुला रकाना. लिही मग. सावकाश लिही.

शेपूट म्हणायचे आमचे हे त्याला. तुझ्या सरांना गं. तू त्यांना अहो-जाहो कर, मी अरे-तुरे करणार, माझ्यानं दुसरं होणार नाही. सतत माझ्यामागं असायचा म्हणून शेपूट — टेपरेकॉर्डर काखोटीला मारून. तेव्हाचा टेपरेकॉर्डर म्हणजे काय, पोळपाटाएवढा, वर बॅटऱ्यांचं ओझं, आणि आम्ही दोघं चौकाचौकात उभं राहून लोकांना रस्ता विचारतोय — माहीत असलेलाच रस्ता! एकदा एका न्हाव्यानं आम्हाला दिवसभरात तीन वेळा बघितलं, म्हणाला, बाई, तुम्ही हरवलाय की डोकं हरवलंय? असा हसला होता शेपूट, की त्या टेपवर न्हावी कमी आणि त्याचं हसणंच जास्त. जेवायला इथंच असायचा. ताप आला तर इथंच पडायचा, त्या तिकडच्या खोलीत. आम्हाला मूल नाही — म्हणजे त्याचा इथं काही संबंध नाही, ते लिहू नकोस. मुद्रितं त्यानं वाचली, चौऱ्याऐंशीच्या पुस्तकाची, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, डोळ्यांत तेल घालून, तरी एक चूक राहिलीच, उजवीकडे असायला हवं तिथं डावीकडे छापलं, त्या वर्णनानं कोणी चाललं तर सरळ नाल्यात! त्यावरून महिनाभर चिडवलं मी त्याला. आणि मजा ऐक — बारा साली पुस्तक पुन्हा काढायचं त्यानंच मनावर घेतलं, तोपर्यंत विभागप्रमुख झाला होता, मी म्हटलं, अरे आता तरी ते डावं-उजवं नीट कर, तर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, नाही बाई, हे पुनर्मुद्रण आहे, नवी आवृत्ती नव्हे, आवृत्ती म्हटली की मजकूर बदलता येतो, पुनर्मुद्रणात अक्षराला हात लावायचा नाही, चूकसुद्धा होती तशीच गेली पाहिजे, तेव्हाच पुढच्यांना कळेल की हे चौऱ्याऐंशीचंच आहे. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आपण शिकवलेलं पोर आपल्याला नियम शिकवतंय, यापरतं काय हवं.

म्हणून म्हणते, त्याला हे माहीत नसणार. या याद्या तुम्ही मुलं करता, एकाची दुसऱ्यानं घ्यायची, दुसऱ्याची तिसऱ्यानं, सगळ्यांचं भांडार एकच, त्यात एकदा बारा शिरलं की सगळीकडे बाराच. तो बिचारा सह्या करतो, कार्यक्रमांना जातो, त्याला कुठं वेळ. विभागप्रमुख होणं म्हणजे काय — मला माहीत नाही म्हणा, मी झालेच नाही. मुलाखतीला गेलेच नाही मी. दोघांनाही बोलावलं होतं, मी त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून घरी बसले. त्याची पोरं लहान होती, त्याला गरज जास्त. आमचे हे म्हणाले, वेडी आहेस. असेन. दुखत बिखत काही नव्हतं. — हेही नको लिहूस. तू लिहीत नाहीयेस ना काही? बरं.

प्रस्तावना वाचलीस का त्यानं लिहिलेली? आण तुझ्याकडची प्रत, मी वाचते, मला जवळजवळ पाठ आहे. 'बाईंचं हे छोटेखानी पुस्तक वाचकांच्या हाती देताना मला विलक्षण आनंद होत आहे. गेलेल्या खुणांविषयी आपल्याकडे जे काम चालू आहे, त्यात या पुस्तकानं मोलाची भर घातली आहे...' त्या दिवशी मंचावर वाचलं त्यानं हे, आणि मी रडले गं. सगळ्यांसमोर. मोलाची म्हणाला म्हणून. — थांब. 'चालू आहे'. 'जे काम चालू आहे, त्यात भर'. कोणाचं काम चालू होतं? चौऱ्याऐंशीला कोणाचं काम चालू होतं? कोणाचंच नाही! मी आणि तो आणि ती टेप. भर कशात घातली मी? रिकाम्या भांड्यात? — इतकी वर्षं मी फक्त 'मोलाची' तेवढंच ऐकत आले. असेल, घाईत लिहिलं असेल. माणूस प्रस्तावनेत असंच काहीबाही लिहितो.

झालं का लिहून? मग थांबलीस का? बोट तर कळीवरच आहे. — काय म्हणालीस? मोठ्यानं बोल. तू घातलं होतंस? आधीच? मूळ साल, चौऱ्याऐंशी, त्याच रकान्यात — अच्छा, म्हणून तुला इतक्या पटकन सापडला. हुशार आहेस. पुस्तकाच्या आतल्या पानावर पहिली आवृत्ती बारीक अक्षरात दिलीय, ती बघितलीस, यंत्रावर विसंबली नाहीस. मग गेलं कुठं? यंत्र आपणहून काढत नाही गं. घातलेलं ते कधीच काढत नाही. कोणीतरी काढायला सांगावं लागतं.

बरं. कधी? कच्चा खर्डा दाखवलास तेव्हा. आणि काय म्हणाला? — 'हातात जी प्रत आहे तिचंच साल द्यायचं.' हं. नियम बरोबर आहे. अर्धा. उरलेला अर्धा मला त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितला होता. आणखी काय म्हणाला? नाही, आणखी काहीतरी म्हणाला, तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय, तू चांगली मुलगी आहेस, तुला खोटं बोलता येत नाही. सांग. शब्द बदलू नकोस, मी आयुष्यभर लोकांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतलेत.

'बाईंना आता काय फरक पडतो.'

असं म्हणाला. हसत म्हणाला, की तसाच? — तसाच. साधंच. पंखा बंद कर म्हणावं तसं.

पडतो गं फरक. फार पडतो. ऐंशी वर्षांच्या बाईला पडत नाही असं वाटतं का तुम्हाला? माझं हे एकच आहे. दुसरं पुस्तक मी लिहिलं नाही, त्याचं पुस्तक व्हायचं होतं म्हणून माझ्या टेपा, माझी टिपणं सगळं उचलून दिलं, घे म्हटलं, वापर, आपलंच आहे. आपलंच म्हटलं मी. त्यानं 'आपलं'मधून मला तेवढं काढलं. राग येतो म्हणून सांगू? राग नंतर येईल, रात्री येईल. आत्ता नुसतं लाजल्यासारखं होतंय, की मी त्याच्यासाठी लेख लिहून ठेवलाय — हा बघ, चार पानं, गौरवग्रंथासाठी, तीनदा लिहून काढला. कष्टाळू लिहिलंय. प्रामाणिक लिहिलंय. केसानं गळा कापला गं त्यानं, आणि मी मान नीट पुढं करून, वर प्रामाणिक लिहिलंय.

तू एक कर. तुझ्यापुरतं कर. बाकीच्यांचं मरू दे, तुझ्या त्या प्रकरणात एवढं एक साल परत घाल. एक ओळ. सूचीत कोण वाचतंय, त्याच्या लक्षातही — येईल म्हणा लक्षात. त्याच्याच लक्षात येईल. तुझ्या प्रबंधावर अजून सही व्हायची आहे ना त्याची? — नको, बोलू नकोस. समजलं. मी तुझ्या जागी असते तर मी तरी काय — काही नाही. मीही बोट असंच उचलून घेतलं असतं.

वाजतोय तुझा फोन. बघ कोण आहे. — सर? घे ना मग. घे, मी काही बोलत नाही. — माझ्याशी बोलायचंय म्हणतोय? दे. दे इकडे.

हॅलो. — हो रे, बरी आहे. — हो, आलीये ना, गुणी मुलगी आहे. — गुडघा आहे तसाच, त्याला काय होतंय. — लेख? लिहिलाय की. देते तिच्याजवळ. — येईन, येईन, गाडी मात्र पाठव. — अरे ऐक, एक विचारायचं होतं. काही नाही, हिला हवं होतं म्हणून. माझं पुस्तक कधी आलं रे? कुठल्या साली?

हो.

हो, बरोबर. — हो, छान झाला होता कार्यक्रम. — आठवतंय ना, न आठवायला काय झालं. — हो बाळा. ठेवते.

घे तुझा फोन. 'बारा साली, बाई, एवढा छान कार्यक्रम केला आपण, विसरलात?' — मलाच म्हणाला, विसरलात म्हणून. अडखळलासुद्धा नाही गं. मी वाट बघत होते, जरा थांबेल, घसा खाकरेल, निदान एक श्वास चुकेल — आणि आवाज तर इतका मायेचा. आणि मी काय म्हटलं? ऐकलंस ना तू. बरोबर म्हटलं मी त्याला.

हे कागद घे, देते म्हटलंय त्याला. आणि तो लॅपटॉप मीट आधी, उजेड डोळ्यांवर येतो. — नाही, पाणी नको मला. काहीच नको. जा तू आता. जा गं बाई.