काकूंचा ओव्हन, काकांचा पाइप

स्नेहलतागंजातल्या दुरुस्तीच्या दुकानात पूर्वा मिक्सर घेऊन रांगेत उभी होती आणि पुढच्या काका-काकूंचं बोलणं कान टवकारून ऐकत होती. काकूंनी आपला ओव्हन पोटाशी घट्ट धरला होता.

“अहो, सांगा ना ह्या दुकानदार भियांना, ह्यात काय भाजलंत ते!”

“सायलेन्सरचा पाइप. छोटासाच होता, सुहास,” काका काकूंना म्हणाले.

“मी चार दिवस महूला काय गेले, ह्यांनी माझ्या नानखटाईच्या ओव्हनमध्ये गाडीचा पाइप भाजला!”

“भाजला नाही, पेंट पक्का केला. आधी मंद आच, मग थंड, मग कडक आच. डब्यावर साफ लिहिलंय.”

“इतक्या निगुतीने कधी चहा नाही केलात! परवा पाच किलो नानखटाई द्यायची आहे, पहिलीच मोठी ऑर्डर. आणि कालच्या घाण्याला पेंटचा वास!”

“तीनदा पुसला ना मी सोड्याने.”

“डब्यावर पुढे काय लिहिलंय? वाचा, वाचा.”

“खाण्याच्या ओव्हनमध्ये करू नये.”

“आणि त्याखाली?”

“गाडीला लावून इंजिन तापवलं, तरी पक्का होतो.”

“मतलब ओव्हनची गरजच नव्हती!”

“होती ना. गाडी चालू कुठे होते?”

“सहा वर्षं उभी आहे ती. घरात चालत होता तो माझा ओव्हन!”

दुकानदाराने ओव्हन हुंगला आणि मान हलवली.

“आंटीजी, इसमें अब खाने का कुछ मत बनाना.”

“ऐकलंत? आजच गाडी विका आणि मला नवा ओव्हन आणा.”

“बंद गाडी कोण घेणार, सुहास?”

“का? पाइप चकाचक आहे ना!”