टोपलीतली अर्धी शिशी

मी सिंदेवाहीकडची, बाई. माहेर तिकडचंच अन सासरबी तिकडचंच, मधात फक्त एक तलाव. आमी मासे मारनारे लोकं, बाप जाळं टाके अन माय टोपली घेऊन गावोगाव फिरे, अन लगन होऊन आली तं इथीबी तेच, नवरा जाळ्यावर अन मी टोपलीवर. काय सांगू तुम्हाले, तीस वर्सं झाली मी पाच गावं पायी फिरून राह्यली. कोनाले झिंगे आवडतात, कोनाची सून पोटुशी हाये, सारं मले ठाऊक.

तं त्या टोपलीचीच गोष्ट हाये. खाली मासे, वरतं पळसाची पानं, अन पानावर शिशी. कायची म्हनता? दवाईची. म्हंजे कसं, पावसाळ्यात लहान पोरायले हागवन लागतेच. गाडीवर एक डॉक्टर येते, डॉक्टर कायचा, पन आमी म्हनतो डॉक्टर, तो गुलाबी दवाई देते. दोन दिवस पाजली का पोरगं खेळाले लागते, मंग उरलेली कोन पाजन? ठेवून देतात. अन मी मासे घेऊन गेली का ती बाई म्हने, काकू, कोनाचं पोरगं बिमार असन तं ही देजो. मी नेत होती, बाई. इथली शिशी तिथी, तिथली अजून पुढच्या गावी, अर्धी, पाव, तळाशी चमचाभर उरलेली. बाया म्हनत, काकू आली म्हंजे दवाखाना आला. मले गर्व वाटे, खोटं काऊन बोलू.

मंग मायी नात, पिंकी, माया पोराची पोरगी, दीड वर्साची. तिले लागली हागवन. मी म्हटलं घाबरू नोका, अन टोपलीतली शिशी काढली. सून वनिता म्हने, आत्याबाई, दवाखान्यात नेऊ. मीच तिच्यावर खेकसली, पाच गावची पोरं मी बरी केली अन तू मले शिकवतं? दोन दिवस पाजली, काईच नाई. दुसरी काढली, पिवळी, तिनंबी नाई. चवथ्या दिवशी रक्त पडाले लागलं, डोळे आत गेले, पोरगी रडे तं डोळ्यात पानी नाई. वनितानं मले न विचारता पोरीले उचललं, सरकारी गाडी बोलावली अन चंद्रपूरले घेऊन गेली. मी मांगं मांगं.

तिथी एक डॉक्टरीन होती, वनितापेक्षाबी लहान दिसे. तिनं पोरीची संडास तपासाले पाठवली. रिपोर्ट आला तं म्हने, हे जंतू पक्के झाले, नेहमीच्या दवाया यायच्यावर चालतच नाई, दुसरं इंजेक्सन द्या लागन, घरी काय काय पाजलं? मी शिशीची सारी गोष्ट सांगितली, मले वाटलं शाबासकी देन. तिनं डोक्याले हात लावला. म्हने, आजी, दवाई अर्ध्यात सोडली, कोनाचीबी कोनाले पाजली, का असेच जंतू उरतात ज्यायले दवाई मारत नाई, अन ते हातानं, पान्यानं एका पोरापासून दुसऱ्याकडं जातात. अन बहुतेक हागवनीले ही दवाई लागतच नाई, मीठ-साखरेचं पाकीट अन झिंकच्या गोळ्या पुरे.

मले राग आला, बाई. तिचा नाई. तीस वर्सं मले हे कोनी काऊन नाई सांगितलं? ज्यानं शिशी देली त्यानं नाई सांगितलं, शिशीवर लिहिलं असन तं इंग्रजीत, अन मले मराठीबी वाचता येत नाई. अन मायाच सोताचा इतका राग येते का बस. पोरीच्या हाताची शीर सापडे नाई, चार जागी टोचलं, अन वनिता मायाशी बोले नाई.

पिंकी वाचली. काडीवानी झाली, पन वाचली. आता टोपलीत मी पाकिटं ठेवतो, गावातल्या सरकारी आशाताईकडून घेऊन. तं बाया आयकत नाई! म्हनतात, पान्यानं का हागवन थांबते, काकू, शिशी दे. नाई म्हटलं तं रुसतात, एकीनं तं मासे घेनंच सोडलं. तो गाडीवाला डॉक्टर अजून येऊनच राह्यला. कोनाकोनाच्या तोंडाले लागू मी?

एक गोष्ट वनितालेबी नाई सांगितली. पिंकी बिमार पडाच्या आठ दिवसाआधी नदीपल्याडच्या एका घरी मी अर्धी शिशी देली होती, त्यायच्या तान्ह्या पोरासाठी. मंग तिकडं जाची हिंमतच होये नाई. महिन्यानं गेली. ते पोरगं ओसरीवर बसून माती खाऊन राह्यलं होतं. मी त्याच्या तोंडातली माती पुसली अन तिथीच रडाले लागली, त्याची माय म्हने, काकू, काय झालं वो? काय सांगू तिले? आता कोन्याबी गावात शिरली का मी आधी ओसऱ्या पायतो, पोरं दिसली का मंग मासे घ्या म्हनून आवाज देतो. राहू दे बापा सारी, खेळू दे.