फ्लेक्सवरचा फोटो

किल्लारीहून लातूरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारी आणि तिचा भाचा बसले होते.

“मावशी, उद्या गावात माझा सत्कार हाय अन् फ्लेक्सला फोटोच न्हाई.”

“दोन महिने नेपाळात भूकंपाची घरं बांधून आलास, मल्लिनाथ. अन् फोटो न्हाई?”

“हात गाऱ्यात, मोबाईल पिशवीत. काढायचा कुणी?”

“मग मोबाईलात ह्यो फोटो कशाचा?”

“काम संपल्यावरचा. संगतीची पोरं म्हणली, जाता जाता तळं बघू.”

“ही बाई कोण?”

“केरळची. आमच्यासंगं विटा वाहायची.”

“अन् तू जाकिटात फुगून बसलास.”

“बोटीत घालावंच लागतंय. आता गाव म्हणंल, मल्ल्या फिरायलाच गेलता.”

“आपली घरं पडली तवा बंगालचा एक पोरगा आलता. आमचं घर त्यानंच बांधलं.”

“बरं, मग?”

“जायच्या आदल्या दिवशी म्हणला, इथं बघण्यासारखं काय हाय? जीप करून खरोशाची लेणी दाखवली. तिथं माकडानं त्याची टोपी पळवली.”

“तुझ्या देवघरातल्या फोटोत माकडामागं पळणारा माणूस हाय, त्योच का?”

“हाव. नंतर पोस्टानं धाडला त्यानं. वीट उचलतानाचा त्याचा फोटो कुणाकडंच न्हाई.”

“मग बोटीतला लावू?”

“लाव. फ्लेक्सवाल्याला म्हणावं, पोट तेवढं कमी कर.”