एसीसाठी आणलेला स्वेटर

ताई – थांब, आधी श्वास घेऊ दे मला. तीन जिने! आणि ती बॅग मी उचलली असती, तुला कोणी सांगितलं होतं?

धाकटी – आठ दिवसांसाठी आलीयस की आठ वर्षांसाठी? दगड भरलेत का आत?

ताई – कपडे आहेत. आणि काय गं, तुझ्या या शहराची गंमतच आहे. स्टँडवरून चालत आले, तर सगळी माणसं रस्त्याच्या एकाच अंगाने चाललेली. समोरची बाजू सुनसान. मला वाटलं, तिकडे मारामारी झालीय, पोलिसांनी रस्ता अडवलाय.

धाकटी – सावली होती ना या बाजूला. तीन वाजून गेले की सगळे इकडच्या बाजूला येतात.

ताई – आणि सिग्नलला? विजेच्या एका खांबाच्या सावलीत सहाजण एकामागे एक उभे. मी सातवी. पुढच्या गृहस्थांनी मागे वळून सांगितलं, ‘बाई, डोकं जरा डावीकडे घ्या, उन्हात येतंय.’ इतकी काळजी घरी कोणी केली नाही माझी.

धाकटी – अजून तर नुसती सुरुवात आहे, ताई. पुढच्या महिन्यात तो खांबसुद्धा सावली शोधत फिरेल. बरं, आत ये आणि दार लाव पटकन. गारवा जातो बाहेर.

ताई – हो गं बाई, एसी आहे नाही का तुझ्याकडे! कुठे आहे?

धाकटी – तो काय, भिंतीवर.

ताई – वा! पांढराशुभ्र. चालू आहे?

धाकटी – सकाळपासून. हिरवा दिवा दिसत नाही का?

ताई – दिसतो की. मग थांब, बॅग उघडते आधी.

धाकटी – काय काढतेस?

ताई – स्वेटर.

धाकटी – स्वेटर?

ताई – तीस वर्षं शीतगृहात मशिनांवर लक्ष ठेवलं मी. बटाट्यांना कधी मोड येऊ दिला नाही. थंड खोलीत तसंच बसायचं नाही, अंगात गरम कपडा घालायचा, हा तिथला पहिला नियम. मी रिटायर झाले म्हणून नियम काही रिटायर होत नाही. तू नाही घालत?

धाकटी – मला सवय झालीय.

ताई – किती वर ठेवलायस?

धाकटी – काय किती वर?

ताई – एसी गं. किती डिग्रीवर?

धाकटी – बारा.

ताई – बारा! घरातले एसी सोळाच्या खाली उतरत नाहीत.

धाकटी – हा उतरतो. महागातला आहे.

ताई – तरीच. दे बघू तो रिमोट, जरा कमी करते. बोटं आखडली माझी. अगं, याच्यावर ‘आवाज’ असं लिहिलंय.

धाकटी – हो ना. याचा आवाज कमी-जास्त करता येतो.

ताई – आणि हे ‘चॅनेल’?

धाकटी – ते... वारा कुठल्या बाजूला सोडायचा, त्याचं.

ताई – जग कुठल्या कुठे गेलं बाई! आमच्या शीतगृहात हे कोणाला ठाऊकच नव्हतं. पण एवढ्या महागाच्या वस्तूला मासळीचा वास कसा येतो?

धाकटी – मासळीचा? छे. खाली मासळीवाली बसते, तिचा येत असेल.

ताई – खिडकी तर घट्ट बंद आहे. वर हा एवढा जाड पडदा. दिवसाढवळ्या दिवा लावून बसलीस.

धाकटी – पडद्यांचंच दुकान आहे माझं. स्वतःच्या खोलीला नको का एक चांगला?

ताई – शिवलाय मात्र झकास. चुणी नि चुणी सारखी. हात अगदी आईवर गेलाय तुझा. पण बायो, कपाळावरून घाम निथळतोय की.

धाकटी – थंडीचा घाम आहे तो. तूच सांगायचीस ना, शीतगृहात घाम फुटतो म्हणून?

ताई – मशीन बंद पडलं की फुटतो, असं सांगायचे मी.

धाकटी – पाणी देऊ?

ताई – नको, आधीच हुडहुडी भरलीय. हे कोण ओरडतंय गं खालून?

धाकटी – कोणी नाही. भाजीबिजीवाला असेल.

ताई – थांब, ऐकू दे. ‘तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, बर्फाची दुसरी लादी आत्ता पाठवू की पाच वाजता?’ तिसऱ्या मजल्यावर तूच ना?

धाकटी – समोरची बाई असते एक. तिला लागतो बर्फ.

ताई – समोरच्या दाराला कुलूप आहे. कुलपावर बोटभर धूळ आहे.

धाकटी – ताई, काढ ना गं तो स्वेटर! बघूनच कसंतरी होतंय मला.

ताई – तू एसी बंद कर, लगेच काढते.

धाकटी – राहू दे. चालू दे एसी.

ताई – मग स्वेटरही राहू दे. शाल आहे का एखादी?

धाकटी – ही घे. आणि पाय जरा वर घेऊन बस.

ताई – का?

धाकटी – असंच. बरं वाटतं.

ताई – अगं, पाणी आलंय पायाशी! त्या पडद्यामागून येतंय. बस तू, मी बघते.

धाकटी – नको, ताई! पडद्याला हात लावू नकोस, टाके कच्चे आहेत अजून, नुसता टाचलाय...

ताई – अरे वा! टेबलफॅन. टेबलफॅनपुढे घमेलं. घमेल्यात बर्फाची लादी. आणि लादीला चिकटलेला माशाचा एक खवला. हा आहे होय महागातला एसी!

धाकटी – हस. पोट धरून हस. आणि सहाला दादाचा फोन आला की सांगून टाक त्याला. ‘धाकटीचे हाल आहेत, भट्टीत राहते, घेऊन येते तिला.’ त्यासाठीच पाठवलंय ना त्याने तुला?

ताई – त्यासाठीच पाठवलंय. म्हणाला, डोळ्यांनी बघून ये. थाप निघाली तर तिची ट्रंक बांध आणि सोबतच घेऊन ये.

धाकटी – बघ! घर सोडलं तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला होता, ‘पहिला उन्हाळा लागू दे, शेपूट घालून परत येईल.’ आठ महिने दर फोनला तेच. हवा कशी आहे, उकडतं का, कधी येतेस. मग एक दिवस निघून गेलं तोंडातून, एसी आहे माझ्याकडे, मला कसला उन्हाळा!

ताई – तुझं तोंड लहानपणापासून तुझ्या पुढे दहा पावलं धावतं.

धाकटी – उकडतं गं मला. खोटं कशाला बोलू? काल दुकानात इस्त्री गरम आहे की खुर्ची, हेच कळेना. पण दुकानाचं शटर सकाळी मी उघडते. कोणता पडदा आधी शिवायचा ते मी ठरवते. तिकडे आई गेल्यापासून सतरा वर्षं जिन्याखालच्या कोपऱ्यात बसून घरादाराचे कपडे शिवले, कोणी एकदा विचारलं नाही, दमलीस का म्हणून. मी उकाड्याला घाबरत नाही, ताई. त्या कोपऱ्याला घाबरते.

ताई – पूस ते डोळे. आधीच खोलीत पाणी झालंय. हे भिंतीवरचं धूड कुठून पैदा केलंस?

धाकटी – भंगारवाल्याकडून. दोन खिळ्यांवर टांगलंय. आत शिलाई मशिनचा बल्ब लावला आणि त्याला चॉकलेटचा हिरवा कागद गुंडाळला. रिमोट खालच्या न्हाव्याच्या टीव्हीचा आहे, सातच्या आत परत द्यायचाय. तुला कळलं कशावरून पण? वासावरून?

ताई – नाही.

धाकटी – मग रिमोटवरून?

ताई – वर यायच्या आधीच. रस्त्यावरून.

धाकटी – काहीतरीच!

ताई – अगं वेडाबाई, एसीला दोन डबे असतात. एक घरात, एक घराबाहेर. सगळा जीव त्या बाहेरच्या डब्यात. आतला नुसता वारा सोडतो. मी खाली उभी राहून वर बघितलं, तर तुझ्या खिडकीबाहेरची भिंत कोरी करकरीत. सज्ज्यावर एक कावळा होता, तोही चोच वासून.

धाकटी – बाहेरही असतो? भंगारवाला काही बोलला नाही.

ताई – तू नवरदेवाशिवाय वरात काढलीस, तो कशाला बोलेल?

धाकटी – आणि सगळं कळूनही तू स्वेटर घालून बसलीस!

ताई – बघत होते, किती वेळ तग धरतेस ते. तासभर! वर शाल मागितली तर तीही दिलीस. पण एक लागलं मनाला. दादाला थापा मारल्यास, ठीक आहे. मलाही?

धाकटी – तू त्याच्या घरात राहतेस.

ताई – म्हणून काय झालं? तुला कधी बोलले का मी त्याच्यासारखं?

धाकटी – नाही. गप्प बसलीस. मी ट्रंक घेऊन दारात उभी होते, तेव्हाही तू गप्पच होतीस.

ताई – होते खरी. चुकलंच ते माझं.

धाकटी – मग आज काय सांगशील?

ताई – मशिनबद्दल मी खोटं बोलत नाही. तीस वर्षांत एकदाही बोलले नाही, मालकाशीसुद्धा नाही. दादाला ते ठाऊक आहे, म्हणून तर वहिनीला न पाठवता मला पाठवलं.

धाकटी – म्हणजे ट्रंक काढू पलंगाखालून?

ताई – आधी फडकं काढ आणि पाणी पूस. सहाला दहा मिनिटं आहेत.

(सहा वाजता ताईचा फोन वाजतो.)

दादा – हॅलो, ताई! पोचलीस ना नीट? व्हिडिओ लाव, दिसू दे मला. अगं, हे काय घातलंयस?

ताई – स्वेटर.

दादा – या दिवसांत?

ताई – मांडीवर शालसुद्धा आहे.

दादा – म्हणजे एसी खरोखरच आहे? दाखव बघू.

ताई – हा बघ, भिंतीवर. हिरवा दिवा दिसतो ना?

दादा – दिसतो. पण दिसण्यावर मी जात नाही. धाकटी पहिल्यापासून नाटकी. तू शीतगृहातली बाई, तुझ्या तोंडून ऐकतो. कसं आहे मशीन?

ताई – दादा, आयुष्य मशिनांत गेलं माझं. असं मशीन मी आजवर पाहिलं नाही.

दादा – काय सांगतेस! आवाज?

ताई – काडीचाही नाही.

दादा – माझ्या खोलीतला तर गिरणीसारखा घरघरतो. आणि वीज? वीज खात असेल.

ताई – एक युनिट नाही.

दादा – हॅ! शक्यच नाही.

ताई – माझा शब्द घे. मीटर फिरतो तो पंख्याने आणि दिव्याने.

दादा – कमाल झाली. पण अशी मशिनं नाजूक असतात. बिघडलं म्हणजे?

ताई – याच्यात आता बिघडण्यासारखं काही नाही.

दादा – मलाही एक बघ ना तिथे. कुठल्या दुकानात मिळतं?

धाकटी – दादा, शेवटचंच होतं.

दादा – तू आहेस होय तिथेच! बरी आहेस ना गं?

धाकटी – बरी आहे.

दादा – हं. बरी असशील तर राहा बाई. उन्हाने चक्कर येऊन पडशील कुठे, कोणी बघायला नाही, म्हणून मी आपला बोलतो.

धाकटी – माहीत आहे, दादा. दुपारी नाही पडत मी बाहेर.

दादा – ताई, मग तुझं काम झालं. तू सोमवारी निघ. वहिनीचं तुझ्यावाचून पान हलत नाही. तू रिटायर झालीस तेव्हा म्हटलं, घरात दोन हात वाढले, तर तू चाललीस फिरायला.

ताई – सोमवारी कशी निघू? इतक्या गारव्यातून माणूस एकदम उन्हात गेलं की आजारी पडतं. शीतगृहाचा दुसरा नियम आहे तो.

दादा – मग कधी?

ताई – इथला उन्हाळा सरू दे. सरला की त्याच दिवशी गाडीत बसते.

दादा – म्हणजे दोन-तीन महिने? अगं, वहिनीला काय सांगू मी?

ताई – सांग, सरला की येते म्हणाली. ठेवते आता, बोटं गारठली माझी.

धाकटी – ठेवला? नक्की ठेवला ना? काढ, काढ तो स्वेटर आधी. पाठ चिंब झालीय तुझी.

ताई – आई गं! उकडलेला बटाटा झाला माझा. तीस वर्षांत एकाही बटाट्याचे असे हाल केले नाहीत मी.

धाकटी – एवढं बोललीस आणि एक शब्द खोटा नाही!

ताई – बोटं गारठली म्हणाले, ते खोटं होतं. पण ते मशिनबद्दल नव्हतं.

धाकटी – थांब, सुती साडी काढून देते तुझ्या बॅगेतून. ताई? हे काय गं? अजून तीन स्वेटर. कानटोपी. खाली गोधडी. आणि हा देवळीतला आईचा फोटो. आठ दिवसांसाठी कोणी गोधडी आणतं?

ताई – एक स्वेटर तुझ्या एसीसाठी होता.

धाकटी – आणि बाकीचं?

ताई – बाकीचं तिकडे ठेवून यावंसं वाटलं नाही.

धाकटी – पण ताई, इथला उन्हाळा सरत नाही. बारा महिने असतो. मध्ये थोडा कमी होतो, एवढंच.

ताई – ठाऊक आहे. तिकीट काढायच्या आधीच चौकशी केली होती. तो पंखा जरा मध्ये सरकव, दोघींना लागेल असा.