गुंजाळ हवालदाराची तिसरी हाक

ऐका. शेंगा फोडता फोडता ऐका, हात थांबवू नका, पेरणीला बी कमी पडलं तर सोनाआत्या मलाच बोलेल. गोष्ट ओढ्याच्या वाटेची. हो आत्या, तीच, चिंचेखालच्या गोदीची. पण तू सांगतेस तशी नाही. तुझ्या गोष्टीत अंधारात पोरगी निघते आणि गोदी त्या पोरीलाच झपाटते. माझ्या गोष्टीत हवालदार निघाला.

“रात्री पोलिसाचं नाव घेऊ नये गं,” म्हणते आत्या. भुताचं घेतलेलं चालतं. असो.

तर गुंजाळ हवालदार. गेल्या साली आपल्या चौकीत बदलून आला होता. त्याच सुमाराला कौसल्यावहिनीची विहिरीवरची मोटर चोरीला गेली. ही बघा, इथंच बसलीय, हसतेय. तेव्हा हसत नव्हती. दादा ट्रकवर, महिना महिना बाहेर. वहिनी तक्रार द्यायला गेली, तर यानं तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. “घाबरता कशाला, बसा की. हात किती गार पडलाय तुमचा. बघू.” आणि धरलेला हात सोडीना. वर म्हणतो, “जबाब राहिलाय. उद्या संध्याकाळी एकट्याच या. नाही आलात, तर मोटर तुम्हीच विकली असं लिहीन.”

वहिनीनं हे आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, गप बस, मोटर गेली तर गेली. मग तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, बाईला जबाबाला चौकीत बोलवताच येत नाही, घरी येऊन घ्यावा लागतो. वहिनीनं धीर करून फोनवर तसं ऐकवलं. तर हा हसला. “कायदा शिकलात? बरं. मीच येतो घरी. रात्री.”

आणि निघाला. दिवस मावळल्यावर गाडीला किक मारली आणि ओढ्याच्या वाटेला लागला. ऐकताय ना? चिंचेपाशी आला, गाडी बंद. किक मारतोय, मारतोय, चालू होत नाही. समोर बघतो तर बाई उभी, तोंडावर पदर.

“साहेब, माझा जबाब राहिलाय.”

“उद्या ये चौकीत,” म्हणाला हा. गाडी आपोआप चालू झाली.

पुढच्या वळणावर तीच बाई, तसाच पदर. “साहेब, मी एकटीच आलेय.”

आता घाम फुटला. गाडी पळवली. आरशात बघतो, मागं कुणी नाही. पण मागची सीट दबली. खांद्यावर हात आला. कानाशी बोलली, “घाबरता कशाला, बसा की.” हात खांद्यावरून खाली सरकला, मनगटावर आला. “हात किती गार पडलाय तुमचा. बघू.” यानं खाली पाहिलं. मागच्या पायदानावर पाय होते, टाचा पुढं.

गाडी गेली ओढ्यात. हा चिखलातून उठला आणि पळत सुटला, तो थेट वहिनीच्या दारात.

आता आपल्याकडची रीत. रात्री पहिल्या हाकेला दार उघडायचं नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक माणसाची. हा परमुलखातला, याला काय ठाऊक. “वहिनी, दार उघडा.” आत सामसूम. “वहिनी, दार उघडा हो.” सामसूम. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर कानाशी ती म्हणाली, “साहेब, दार लोटू का?”

तिसरी हाक निघालीच नाही.

“मी आत कोयता घेऊन उभी होते,” म्हणते वहिनी. “तिसरी मारली असती तरी उघडत नव्हते.”

उजाडलं तेव्हा हा चौकटीला मिठी मारून बसलेला, सगळा चिखल. गाव गोळा झालं. पाटीलआजोबांनी साधंच विचारलं, “साहेब, रात्री इकडं कुठं?” आणि तापात थडथड उडत यानं सगळं ओकलं. “मी हिचा हात धरला, म्हणून तिनं माझा धरला.” हेच परत परत. ओढ्यावरचं सांगितलं, चौकीतलं सांगितलं. मी मोबाईलवर सगळं घेतलं.

मोठी माणसं म्हणाली, मिटवा. आम्ही मिटवलं नाही. टेंपो केला, बायका भरल्या, तालुक्याला पोलिसांच्या मोठ्या बाईसाहेबांपुढं उभ्या राहिलो. पुढं ड्रायव्हरशेजारी कोण बसलं होतं? आपली आत्या. लाजू नको आता. टेंपोतच आत्यानं आम्हाला सांगितलं, गोदी कोण ते. फार पूर्वी तीही जुन्या चौकीत तक्रार द्यायला गेली होती. घरी आलीच नाही. सकाळी चिंचेखाली सापडली. गावानं वाट वाईट ठरवली. चौकीला कुणी वाईट म्हणालं नाही.

गुंजाळाची वर्दी उतरली, खटला चालू आहे, वहिनी प्रत्येक तारखेला जाते. मोटर काही मिळाली नाही. दादानं नवी बसवली.

म्हणून पोरींनो, तुम्ही त्या वाटेनं खुशाल जा. ज्याच्या मनात काळं आहे त्यानं मात्र कधी जाऊ नये, वर्दी असो वा नसो. मी आजच कॉलेजातून स्कूटीवर तिथूनच आले. चिंचेपाशी मागची सीट जराशी दबली. मी म्हटलं, नीट धरून बस गोदे, पुढं खड्डा आहे. वेशीपर्यंत आली, उतरली.

चला, सूप इकडं द्या.