चामडी हातमोजे

परवा तू म्हणालीस ना गं, नियम पाळले की कोणाचं वाईट होत नाही? मग हे ऐक.

आमच्या मुलुंडच्या गोडाऊनमध्ये परबकाका वेल्डिंगच्या गॅसचे सिलिंडर गाडीत चढवायचे. एक हात सिलिंडरवर ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने पान्याचा टोला द्यायचे. रिकामा घंटेसारखा वाजतो, भरलेला नुसता ठक्क करतो. वीस वर्षांत काका एकदाही चुकले नव्हते.

मी मॅनेजर झाले आणि सगळ्यांना जाड चामडी हातमोजे सक्तीचे केले. काका नको नको म्हणत होते, मी जबरदस्तीने घालायला लावले. त्याच दुपारी विक्रोळीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "मॅडम, चारही रिकामे पाठवलेत! माझे कारागीर बसून आहेत!"

मी तरातरा बाहेर गेले. "काका, लक्ष कुठे आहे तुमचं?"

पाठमोरे काका वळलेच नाहीत. मी अजून दोनदा ओरडले. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा दचकले, आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"काका, ऐकू येत नाही तुम्हाला?"

"दोन वरसां झाली, बाय. कानान नाय, हातान ऐकतंय. आज ह्ये मोजे होते, काय कळाक नाय."

आमच्याकडे दिवसभर ट्रक रिव्हर्स येतात यार. हॉर्न ऐकू आला नाही तर माणूस जाईल. उद्यापासून येऊ नका, हे मीच सांगितलं. सावकाश सांगितलं, त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून.

काकांनी हातमोजे काढले, झटकले आणि घडी घालून माझ्या हातात दिले.

"नवेच आसत. दुसऱ्या कोणाक होतले."